पत्ता सांगणारा विश्वासू असावा

गोंदियाहून आपल्या गोरेगांवीं प्रथमच आलेल्या पाहुण्यास यजमानाचें नांव ठाऊक असतें, घर ठाऊक नसतें. तो चौकांत कोणास तरी विचारतो. सांगणारा लबाड निघाला, तर पाहुणा भलत्याच दारीं जातो.

घरच्या इंटरनेटचेंही तसेंच आहे. आपण बँकेचें नांव लिहितों. यंत्रास मात्र अंकांचा पत्ता लागतो. नांवावरून अंक सांगण्याची ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं रचली. तीस डी. एन. एस. म्हणतात, व अंक सांगणाऱ्या संगणकास डी. एन. एस. सर्व्हर.

सांगणाराच बदलला तर काय होतें? ‘डी. एन. एस. चेंजर’ नामक घातक प्रोग्रामनें सुमारें ४० लक्ष संगणक खोट्या सर्व्हरांकडे वळविले होते. ती टोळी २०११ सालीं पकडली गेली.

म्हणून सर्व्हर नामांकित असावा. त्यानें विचारणाऱ्याची ओळख साठवूं नये. आणि घातक स्थळांचा पत्ता देऊं नये. क्वाड-नाइनचा ९.९.९.९ असा आहे. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ मुलांस अयोग्य अशीं स्थळेंही अडवितो. हे आंकडे राउटरमध्यें इंग्रजी अंकांत भरावे, व राउटरचा मूळचा पासवर्ड त्याच वेळीं बदलावा. नाहीं तर दुसरा कोणी ते गुपचूप पालटील.

विद्यार्थीमित्रहो, हें काम वडील माणसांस बरोबर घेऊन करा. मात्र वाटाड्या कितीही चांगला असला, तरी दारावरची पाटी वाचणें आपलेंच काम आहे. पैशाचा व्यवहार करण्यापूर्वीं बँकेच्या पत्त्याचें अक्षर न् अक्षर ताडून पाहावें.