जुना फिल्म कॅमेरा आणि अपूर्णांक



अपूर्णांक शिकवताना एक गोष्ट वर्गात हमखास दिसते. '१/६० मोठा की १/२५०?' असं विचारलं की बरीच मुलं पटकन १/२५० म्हणतात, कारण २५० ही संख्या मोठी! ही समजूत तशीच राहिली तर पुढे बेरीज-वजाबाकीही नुसती पाठांतराची होते. इथे जुना यांत्रिक फिल्म कॅमेरा छान उपयोगी पडतो. उदाहरण म्हणून पेंटॅक्स के-१००० घेऊया.

हा जपानी कंपनीचा कॅमेरा १९७६ मध्ये आला आणि १९९७ पर्यंत बनत होता. फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा तो आवडता. याचं शटर स्प्रिंगवर चालतं. छोटी बॅटरी असते ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्यासाठी. ती संपली तरी फोटो निघतोच.

१) शटर : वरच्या तबकडीवर ६०, १२५, २५०, ५००, १००० असे आकडे असतात. हे सगळे छेद आहेत, वरचा अंश १ लिहिलेलाच नसतो. १००० म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. धावणारं मूल स्पष्ट टिपायचं तर इतकाच वेळ शटर उघडायचं. छेद वाढला, वेळ घटला आणि आत येणारा प्रकाशही घटला.

२) भिंगाचं छिद्र : भिंगाच्या कड्यावर २, ४, ८, १६ असे आकडे दिसतात. भिंगाचं नाभीय अंतर ५० मिमी असेल तर ५० ÷ २ = २५ मिमी आणि ५० ÷ १६ = साधारण ३ मिमी. म्हणजे इथेही आकडा मोठा, छिद्र लहान.

३) फिल्म : एका रोलवर साधारण ३६ फोटो. दर फोटोनंतर लिव्हर ओढून फिल्म पुढे न्यायची. फोटो कसा आला ते फिल्म धुतल्यावरच कळणार. त्यामुळे बटण दाबण्याआधी विचार करावाच लागतो.

वर्गात करायची कृती : कॅमेरा नसला तरी चालेल. प्रत्येक मुलाला कागदाची एक लांब पट्टी द्या. 'ही पट्टी म्हणजे १ सेकंद' असं सांगा. मग घड्या घालत १/२, १/४, १/८, १/१६ भाग करायला लावा. प्रत्येक घडीनंतर विचारा, "छेद वाढला की कमी झाला? आणि तुकडा?" उत्तर मुलांच्या हातातच असेल. शेवटी फळ्यावर तबकडीचे आकडे लिहा आणि सर्वांत जास्त प्रकाश कोणत्या आकड्याला येईल ते त्यांनाच शोधू द्या.

घरात कुणाचा जुना कॅमेरा कपाटात पडून असेल तर पालकांनी तो मुलांना जरूर हाताळू द्यावा.