हवेला सोपी वाट नको

अंबरनाथला पश्चिमेस आमच्या घरी मासे ठेवलेल्या काचेच्या तीन टाक्या आहेत. तिन्हींना मिळून हवेचा पंप एकच. पंपातून निघालेली मुख्य नळी टाक्यांच्या मागून जाते. तिला ‘टी’ जोडून तीन फाटे काढले आहेत आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला पाण्यात एकेक सच्छिद्र दगड सोडला आहे. दुकानदार त्याला एअरस्टोन म्हणतात. आपणही तेच म्हणू.

मे महिन्यातील एका संध्याकाळी मी मधल्या टाकीतील जुना एअरस्टोन काढून नवा बसवला. बुडबुड्यांची दाट झालर उठली आणि मी समाधानाने झोपी गेलो. सकाळी पाहतो तो शेवटच्या टाकीतील दोन गोल्डफिश मेलेले, उरलेले तोंड वर काढून पृष्ठभागापाशी धापा टाकत होते. त्या टाकीतील बुडबुडे पूर्ण बंद पडले होते. विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की त्या टाकीला मी हातही लावला नव्हता! नवा दगड बसवला शेजारच्या टाकीत आणि हवा तुटली हिची.

उन्हाळ्याने या चुकीत भर घातली. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांना तो ७.५ मिलिग्रॅमवर येतो. त्यात टाकीत मासे जास्त. बुडबुडे तळाचे पाणी वर आणतात, पृष्ठभाग ढवळतात, आणि मुख्यतः तेथूनच ऑक्सिजन पाण्यात शिरतो. ते ढवळणेच थांबले.

आता कारण शोधू. एअरस्टोनमधून हवा बाहेर पडण्यासाठी तिला दोन अडथळे ओलांडावे लागतात. पहिला पाण्याच्या खोलीचा. दगड २५ सेंटिमीटर खोल असेल, तर नळीतील हवेचा दाब निदान २५ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका हवाच. दुसरा अडथळा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो म्हणजे पृष्ठताण. बारीक छिद्रातून बुडबुडा बाहेर पडताना पाण्याचा पृष्ठभाग ताणून फुगवावा लागतो. त्यासाठी लागणारा जादा दाब म्हणजे पृष्ठताणाची चौपट भागिले छिद्राचा व्यास. पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला ०.०७३ न्यूटन धरा. छिद्र ०.३ मिलिमीटरचे असेल तर हा दाब सुमारे १० सेंटिमीटर पाण्याइतका येतो. छिद्र निम्मे झाले, की दाब दुप्पट. जुन्या दगडावर शेवाळ व क्षार बसून छिद्रे बारीक होतात. म्हणजे तो दगड आहे तेथेच राहूनही जणू आणखी १० सेंटिमीटर खोल जातो!

माझ्या टाक्यांचा हिशेब ढोबळमानाने असा होता. पहिली टाकी उथळ, पाणी १८ सेंटिमीटर, दगड जुना: १८ अधिक २०, म्हणजे ३८. मधली २५ सेंटिमीटर, दगड नवा: ३५. शेवटची २५ सेंटिमीटर, दगड जुना: ४५. मुख्य नळीतील दाब भरला ४१ सेंटिमीटर. मधल्या टाकीला हवा ढकलायला ६ सेंटिमीटर शिल्लक, पहिलीला ३ आणि शेवटचीला काहीच नाही. मधला दगडही जुना होता तेव्हा त्याला ४५ लागत, त्यामुळे नळीतील दाब त्याहून वर राही आणि तिन्ही टाक्या चालत. नव्या दगडाने हवेला सोपी वाट दिली आणि सगळ्यांचाच दाब उतरला.

हा दाब कसा मोजला, असे तुम्ही विचाराल. त्याला दाबमापक लागत नाही. मुख्य नळीला आणखी एक फाटा जोडा, त्याचे उघडे टोक पाण्याने भरलेल्या पिंपात हळूहळू खाली न्या. प्रथम भराभर बुडबुडे येतील. ज्या खोलीवर ते येता येता थांबतील, ती खोली म्हणजेच नळीतील दाब. त्या क्षणी फाट्यातून हवा वाहत नसल्याने मापही बिघडत नाही. नळीवर आधीच सेंटिमीटरच्या खुणा करून ठेवा. शाळेत हा प्रयोग अवश्य करावा.

इमारतीत राहणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. तळमजल्यावरचे सगळे नळ सोडले, की एकाच नळावर असलेल्या वरच्या मजल्यावर धार बंद होते. मग वरचे लोक खाली ओरडून सांगतात, “अहो, जरा नळ बारीक करा!” यात उत्तम भौतिकशास्त्र आहे. खालचा नळ बारीक केला, की मुख्य नळातील दाब वाढतो आणि पाणी वर चढते.

आपणही तेच करायचे. प्रत्येक फाट्यावर प्रयोगशाळेतील स्क्रू-क्लिप किंवा दुकानात मिळणारा छोटा कॉक बसवा. बहुतेक जण फक्त जोरात चालणारी टाकी आवळतात. मग दुसरीच जोरात चालू लागते, आणि असा खेळ तासभर चालतो. त्याऐवजी सगळेच फाटे आवळा. मी मुख्य नळीतील दाब ८० सेंटिमीटरवर येईपर्यंत आवळले. आता हिशेब करा: पहिलीसाठी ४२ शिल्लक, मधलीसाठी ४५, शेवटचीसाठी ३५. पूर्वी ३, ६ आणि शून्य होते! क्लिपमधून जाणारा प्रवाह ढोबळमानाने या शिल्लक दाबाच्या प्रमाणात असतो. राहिलेला फरक शेवटची क्लिप किंचित सैल करून मिटला. समांतर जोडणीतील प्रत्येक शाखेत मोठा रोध घातला, की शाखांमधील लहानसहान फरक नगण्य ठरतात, हे तुम्ही विजेच्या धड्यात शिकलाच आहात. मात्र मुख्य नळी रुंदच ठेवावी. रोध फाट्यात हवा, मुख्य नळीत नको.

जळगावच्या केळीबागांत ठिबक सिंचनाच्या नळीवरील प्रत्येक तोटीत पाण्याला अरुंद, नागमोडी वाट मुद्दाम ठेवलेली असते, ती याचसाठी. सांडपाणी शुद्ध करताना हौदाच्या तळाशी हवेच्या शेकडो तबकड्या बसवतात. तेथेही प्रत्येक तबकडीखाली ठराविक मापाचे बारीक छिद्र असते.

याची किंमतही मोजावी लागते. दाब वाढला, की पंपाची एकूण हवा कमी होते, आणि फार आवळल्यास पंपाचा रबरी पडदा लवकर फाटतो. हवा जास्तच होत असेल, तर एक फाटा उघड्या हवेत सोडून त्यावर क्लिप लावावी. जुना दगड उकळत्या पाण्यात घालून, वाळवून पुन्हा वापरता येतो. तो उपाय आधी करावा.

आणखी एक खबरदारी. वीज गेली, की पाणी नळीतून मागे चढते. पंप खाली ठेवला असेल तर वक्रनलिकेप्रमाणे ते पंपात व जमिनीवर येते, शिवाय उंच टाकीतील पाणी सामाईक नळीतून खालच्या टाकीतही उतरू शकते. म्हणून पंप सर्व टाक्यांतील पाण्याच्या पातळीहून वर ठेवावा आणि प्रत्येक फाट्यावर एकमार्गी झडप बसवावी. ही झडप उघडायलाही थोडा दाब लागतो. तो त्या त्या टाकीच्या हिशेबात मिळवायला विसरू नका.