ब्रेक दाबताच उजवीकडे ओढणाऱ्या फियाटविषयी चिरंजीवांस पत्र

मुक्काम डोंबिवली



ब्रेक दाबल्यावर मोटार सरळ न थांबता एका अंगाला ओढली जाणे हा जुन्या गाडीचा स्वभाव नव्हे, दोष आहे. आणि स्टिअरिंग उलट दिशेने धरून तो झाकता येतो, म्हणूनच इतर दोषांपेक्षा तो अधिक घातक ठरतो. कासारवडवलीहून आत्याबाईंमार्फत डोंबिवलीस पोचलेली बातमी अशी, की वडिलांची फियाट सारा पावसाळा ब्रेकला उजवीकडे खेचत आहे, चिरंजीवांनी स्टिअरिंग किंचित डावीकडे धरून चालवण्याची सवय लावून घेतली आहे, आणि अशाच अवस्थेत ते रात्री घोडबंदर रोडवरचा गायमुखाचा घाट उतरून फाउंटन हॉटेलपर्यंत जाऊन आले. आत्याबाई तिखटमीठ लावतात हे घरात सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यातले निम्मेच खरे धरले, तरी गप्प बसवत नाही.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली, तरी घरोघरी ती फियाटच राहिली. तिच्या चारही चाकांत ड्रम ब्रेक असतात. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडर, म्हणजे दाब निर्माण करणारी मुख्य नळी, ब्रेक ऑइल चारही चाकांकडे ढकलते. तेथे व्हील सिलिंडरमधील दट्ट्या अर्धगोल शूंना बाहेर रेटतो, आणि शूवर चिकटवलेला लायनर फिरत्या ड्रमला आतून घासून चाक अडवतो. तेलाचा दाब सर्वत्र सारखाच पोचावयाचा असतो; तो पोचूनही एका चाकाने तो वापरला नाही, की डाव्या-उजव्या बाजूंचा मेळ बिघडतो. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे ही ओढ प्रामुख्याने पुढच्या चाकांतून येते. मागच्या चाकांतील असमानता बहुधा ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू सरकण्यातून दिसते.

येथे नाक्यावरच्या मेकॅनिकचा सल्ला तपासून पाहणे अगत्याचे आहे. गाडी उजवीकडे ओढते म्हणून उजव्या चाकाचे लायनर बदला, असे त्याने सांगितल्याचे कळते. बैलजोडीतला एक बैल थबकला की गाडी त्याच्याच अंगाला वळते, पण चूक त्या थबकणाऱ्या बैलाची असेलच असे नाही. मालकाने ‘हो’ म्हटल्यावर तो शहाण्यासारखा थांबलेला असतो आणि दुसरा चालतच राहिलेला असतो. गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूचा ब्रेक पुष्कळदा नीट असतो आणि विरुद्ध बाजूचा निकामी, म्हणून येथे पहिला संशय डाव्या चाकावर घ्यावयास हवा. याला एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा: गळक्या सिलिंडरचे तेल लायनरवर थोडेसेच पाझरले असेल, तर लायनर चिकट होऊन ड्रमला एकदम धरतो आणि ओढ त्याच बाजूला होते. त्यामुळे दोन्ही ड्रम उघडल्याशिवाय निदान पुरे होत नाही, आणि लायनर बदलावयाचे ठरल्यास ते एकाच जातीचे, दोन्ही चाकांत जोडीने बदलावे लागतात.

ड्रम उघडण्यापूर्वी दोन्ही पुढच्या टायरांतील हवा थंड अवस्थेत मापून सारखी करावी, आणि ब्रेक न दाबताही गाडी वाहवते काय ते सपाट रस्त्यावर पाहावे. तशी वाहवत असेल तर दोष अलाइनमेंटचा किंवा टायरचा समजावा. त्यानंतर दोन-तीन किलोमीटर चालवून थांबावे आणि दोन्ही पुढच्या ड्रमांजवळ, स्पर्श न करता, तळहाताची मागची बाजू न्यावी. एक ड्रम गार राहिला असेल तर तो ब्रेक कामच करीत नाही, आणि एक फाजील तापला असेल तर तो सुटत नाही. ही चाचणी घोडबंदर रोडवर करू नये, गायमुखाच्या उतारावर तर मुळीच करू नये. सोसायटीमागचा रिकामा रस्ता त्यासाठी पुरेसा आहे.

पावसाळ्यातील दोष दोन प्रकारचे असतात. साचलेल्या पाण्यातून गाडी गेल्यावर एकच ड्रम आतून भिजतो व ओढ तात्पुरती येते. मंद गतीने ब्रेक हलके दाबत चालल्यास लायनर सुकून ती जाते. परंतु ओढ महिनोन्‌महिने टिकली असेल, तर कारण खोल असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, जुने झाल्यावर काळपट पडते, आणि त्या ओलाव्याने व्हील सिलिंडरच्या आत गंज धरून दट्ट्या अडकतो. फार दिवस उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास आढळते. दुसरे कारण रबरी होज पाइपचे, जे बाहेरून धडधाकट दिसतात पण आतून फुगून अरुंद होतात. डावा होज असा झाला असेल तर ब्रेक दाबताच गाडी उजवीकडे जाते, आणि पेडल सोडल्यावर अडकून राहिलेल्या दाबामुळे डावे चाक धरलेलेच राहून ती डावीकडे रेंगाळते. चिरंजीवांनी ही दुसरी ओढ जाणवते काय ते मुद्दाम पाहावे, कारण तिच्यावरून ड्रम न उघडताच होजवर बोट ठेवता येते. ओढीचे आणखी एक कारण म्हणजे किंगपिन, बुश, बेअरिंग यांची ढिलाई; ती जॅकवर चाक हलवून कळते. तिचा विस्तार येथे नको.

ड्रम उतरल्यावर आतील भुकटी तोंडाने फुंकू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याचा धूळकण फुप्फुसात गेला की परत निघत नाही; ती ओल्या फडक्याने पुसावी. ड्रम उतरलेला असताना पेडल दाबू नये, अन्यथा दट्ट्या बाहेर उडतो. सिलिंडरचे रबर कडक झाले असल्यास संपूर्ण किट बदलावे, आणि ब्रेक ऑइलच्या टाकीत इंजिन ऑइलचा थेंबही पडू देऊ नये, कारण त्याने सगळी रबरे फुगतात. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्या आणि त्यांच्याबरोबर या गाडीवर हात बसलेले मेकॅनिकही पांगले. सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फेरी मारावी लागेल, पण ब्रेकचे रबर जुन्या गाडीतून काढलेले कधीही घेऊ नये.

एवढे सर्व असून चिरंजीव घाट उतरले, हे मात्र गळी उतरत नाही. गायमुखाच्या उतारावर उजव्या अंगाला गुजरातकडे निघालेला ट्रेलर असतो, रस्त्याला खड्डे असतात, आणि जोराने ब्रेक मारण्याचा क्षण आला की सवयीने धरलेले स्टिअरिंग अपुरे पडते, कारण ओढ ब्रेकच्या जोरासरशी वाढते. गाडी चालवता येते याचा अर्थ ती थांबवता येते असा होत नाही, हे इंजिनिअर झालेल्या मुलास सांगावे लागावे!

कदाचित या शब्दांत राग कमी आणि दुसरेच काही अधिक असेल. बुकिंग करून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर ही गाडी दारात आली, तेव्हा घरच्या वाटणीवरून धरलेल्या अबोल्यामुळे मोठे काका तिच्यात एकदाही बसले नाहीत. धाकटे बंधू, म्हणजे चिरंजीवांचे वडील, रविवारी दुपारी चाकाशी उकिडवे बसून ब्रेकची हवा काढीत, आणि हे काम एकट्याने होत नाही: एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करून निप्पल सैल करावा, बुडबुडे थांबले की आवळावा, मगच पहिल्याने पाय उचलावा. पेडलपाशी बसायला ते वरच्या गॅलरीकडे पाहून हाक मारीत. गॅलरीतून उत्तर जात नसे, आणि मग वहिनी पदर खोचून खाली उतरत. तो अबोला मिटला तेव्हा बंधूंना चाकाशी बसवत नव्हते.

गाडी विकून टाकावी असा या पत्राचा आशय नाही. आईजवळ तसे बोलूही नये. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत ती सोसायटीतच ठेवावी, ऑफिसला टीएमटीच्या बसने जावे, आणि जेवण वेळेवर करावे, कारण आत्याबाईंनी वजनाबद्दलही कळवले आहे. होज आणि किट आणून ठेवल्यास मोठे काका येत्या रविवारी सकाळीच निघतील. गुडघ्यांमुळे त्यांना चाकापाशी बसता येणार नाही, पण पेडल दाबून धरता येईल, आणि चिरंजीवांनी ‘सोडा’ म्हणेपर्यंत ते पाय उचलणार नाहीत.

आईस नमस्कार सांगावा. कळावे, हे आशीर्वाद.

मोठे काका