उधारी, हंगाम आणि गल्ला : सावनेरच्या बाजारपेठेतील लहान दुकानदारीचा हिशेब

लहान व्यवसाय बुडतो तो बहुधा तोट्यामुळे नव्हे, तर विकलेल्या मालाचा पैसा हाती येण्यापूर्वीच देण्याची तारीख उलटून गेल्यामुळे. वहीतला नफा आणि गल्ल्यातला पैसा या दोन गोष्टींमधले हे अंतर पगारावर चालणाऱ्या मोठ्या शहरात सहसा झाकलेले राहते. ज्या गावाची निम्मी बाजारपेठ पावसावर व पिकावर अवलंबून असते, तेथे मात्र ते दर वर्षी उघडे पडते. नागपूरहून बैतूल-भोपाळकडे जाणाऱ्या महामार्गावरील सावनेर हे असे तालुक्याचे गाव आहे. मराठी वाचकाला ते राम गणेश गडकरी यांच्या मृत्यूमुळे (२३ जानेवारी १९१९) ठाऊक असते. दुकानदारीच्या अभ्यासकाने त्याकडे पाहावे ते वेगळ्या कारणाने, कारण येथे एकमेकांशी न जुळणारी दोन वेळापत्रके असलेले ग्राहक एकाच काउंटरवर उभे राहतात.

त्यांपैकी पहिला ग्राहक वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतला किंवा खापरखेड्याच्या वीज केंद्रातला पगारदार होय. त्याचा पैसा महिन्याच्या ठरलेल्या दिवसांत बँकेत जमा होतो आणि खाण कामगाराच्या बाबतीत दुर्गापूजा-दसऱ्याच्या सुमारास मिळणाऱ्या बोनसाची त्यात भर पडते. दुसरा ग्राहक कापूस व संत्रा पिकवणारा शेतकरी, ज्याचा खर्च मृगापासून सुरू होतो आणि ज्याच्या घरी सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी लागेपर्यंत, किंवा आंबिया बहाराची संत्री बागेतून उचलली जाईपर्यंत, सांगण्यासारखी रक्कम येत नाही. ठेकेदाराकडे राबणारा मजूर या दोहोंत कोठेच बसत नाही, कारण त्याला महिना आहे पण महिन्याची तारीख नाही. हे तिघेही एकाच खातेवहीत, एकाच अटीवर मांडले जातात, आणि बहुतेक दुकानांच्या अडचणीचे मूळ तेथेच असते.

एक लाख रुपयांचा माल दरमहा उधारीवर जाऊन दरमहा वसूल होत असेल, तर तेच लाख रुपये वर्षातून बारा वेळा फिरतात आणि शेकडा दहा सुटत असले तरी वर्षाकाठी एक लाख वीस हजार हाती लागतात. तेच लाख रुपये जूनमध्ये जाऊन डिसेंबरमध्ये परत येत असतील, तर वर्षात जास्तीत जास्त दोन फेरे होतात आणि मिळकत वीस हजारांवर थांबते. मालात आणि उधारीत अडकून सतत फिरत राहणारी जी रक्कम, तिला खेळते भांडवल म्हणतात. फेऱ्यांची ही संख्या मोजणारा दुकानदार विरळाच. दिवसाची विक्री किती झाली हे मात्र प्रत्येकाला तोंडपाठ असते.

कृषी सेवा केंद्रातील एका गोणीवरून हे अधिक नेमके कळते. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना विकायची असते आणि खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेता येत नाही. वितरण साखळीला मिळणारा मोबदला टनाला ३५४ रुपये, म्हणजे गोणीमागे जवळपास १६ रुपये आहे, आणि तोही ठोक व किरकोळ विक्रेत्यांत वाटला जातो. आता ही गोणी जूनअखेर उधारीवर गेली आणि तिचे पैसे डिसेंबरअखेर आले असे धरले, तर तिच्यात अडकलेल्या सुमारे अडीचशे रुपयांवर वर्षाला १२ टक्के या बँकेच्या साधारण दराने सहा महिन्यांचे व्याज १५ रुपये होते. हमाली, गाडीभाडे, उंदरांनी कुरतडलेली एखादी गोणी, हे सारे अजून बाहेरच आहे. हेच भांडवल शेकडा दोनने, म्हणजे महिन्याला दोन टक्क्यांनी उचललेले असेल, तर व्याज तीस रुपये होते आणि दुकानदार प्रत्येक गोणीमागे स्वतःच्या खिशातले पैसे शेतकऱ्याला देत असतो, तेही त्याच्या नकळत व कोणी आभार न मानता. ‘खतात सुटत नाही, औषधात काढतो’ हे यावरचे बाजारातले ठरलेले उत्तर असते. ते काही वर्षे खरेही ठरते. परंतु औषधाची बाटलीही त्याच उधारीवर जाते, आणि ज्या खात्यावर खत थकले आहे त्याच खात्यावर औषध थकते, हे त्या उत्तरात येत नाही.

शिवाय हंगाम संपला म्हणजे वसुली होते, हे गृहीतकही पुरते विश्वासाचे नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून तीन दशके चाललेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेच्या काळात शेतकऱ्याचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे त्याला मिळायचे पैसे, हप्त्याहप्त्याने येत असे आणि चुकारा लांबला की विदर्भातल्या तालुक्याच्या गावांतील दुकानांची वसुलीही लांबत असे. ती योजना गेली, तरी अनिश्चितता गेली नाही. २०२२ च्या पहिल्या महिन्यांत कापसाने क्विंटलला दहा हजार रुपयांची पातळी ओलांडली आणि पुढल्या हंगामात, तोच भाव पुन्हा येईल या आशेने, विदर्भातील असंख्य शेतकऱ्यांनी कापूस विकण्याऐवजी घरात भरून ठेवला. भाव चढण्याऐवजी उतरत गेला. शेतकऱ्याचा निर्णय चुकला असे म्हणणे सोपे आहे. पण त्या कापसाच्या ढिगाऱ्यात दुकानदाराचेही पैसे पडून होते आणि तो ढीग केव्हा विकायचा यात त्याला मत नव्हते, ही गोष्ट उधारी देताना कोणी मोजलेली नव्हती. म्हणून हंगामी खात्याची मर्यादा ठरवताना पीक चांगले आले तर काय होईल, हे पाहून भागत नाही. पैसे चार महिने उशिरा आले तरी पुढच्या मृगाचा माल रोखीने भरता येईल का, एवढेच पाहावे लागते. येत नसेल, तर ती उधारी दुकानाच्या ऐपतीबाहेरची आहे.

उधारीचा कायदा दुकानदाराला वाटतो तितका त्याच्या बाजूचा नाही. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे विकलेल्या मालाची किंमत वसूल करण्याचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. ही तीन वर्षे माल दिल्याच्या दिवसापासून, किंवा उधारीची ठरावीक मुदत दिली असेल तर ती संपल्यापासून मोजली जातात. ती उलटण्यापूर्वी ग्राहकाने बाकी लेखी मान्य करून सही केली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. दुसरी अडचण पुराव्याची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये, जुन्या पुरावा कायद्यातील तरतूद कायम ठेवून, असे म्हटले आहे की नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंदी पुराव्यात येतात, पण केवळ त्या नोंदींच्या बळावर कोणावर देणे लादता येत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की वीस वर्षे स्वच्छ अक्षरात लिहिलेली खातेवही एकटी उभी राहू शकत नाही. तिच्या जोडीला सही घेतलेले बिल किंवा माल पोचल्याची पावती लागते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वही पुजण्याची रीत बहुतेक दुकानांत आहे. त्याच आठवड्यात प्रत्येक मोठ्या खातेदाराकडून ‘आजअखेर बाकी इतकी, मान्य’ अशा एका ओळीच्या चिठ्ठीवर सही घेतली, तर मुदतीचा आणि पुराव्याचा असे दोन्ही प्रश्न एकाच कागदाने मिटतात, आणि सण असल्यामुळे ते मागणे कटूही वाटत नाही.

तरीही सही मागितली जात नाही, याचे कारण कायद्याच्या अज्ञानापेक्षा स्वभावात अधिक आहे. लहान गावात ग्राहक हा केवळ ग्राहक नसतो. तो सोयरा असतो, शेजारच्या गावचा सरपंच असतो, किंवा वडिलांच्या वेळेपासूनचा खातेदार असतो. त्याच्याकडे पैसे मागणे म्हणजे त्याच्या पतीवर शंका घेणे, अशी समजूत दोन्ही बाजूंना मुरलेली असते. भीड भिकेची बहीण, ही म्हण प्रत्येक दुकानदार इतरांना ऐकवतो. भिंतीवर ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटीही लावतो आणि तिच्याच खाली उभा राहून उधारी लिहितो. या वागण्याला हसण्यापेक्षा त्यामागची भीती समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे : नाही म्हटले तर ग्राहक समोरच्या दुकानात जाईल. तो जाईलही, मात्र जो ग्राहक केवळ उधारीसाठी येतो तो समोरच्याकडे गेल्याने समोरच्याचे भांडवल अडकते, आपले मोकळे राहते, इतका साधा हिशेब भीतीपोटी मांडला जात नाही. नकार देण्याचे धैर्य हा जन्मजात गुण नव्हे. हंगामापूर्वी, कोणी समोर उभे नसताना, प्रत्येक खात्यापुढे एक कमाल आकडा लिहून ठेवला की पुढचा नकार माणूस देत नाही, वही देते.

दुसरे दुखणे घराचे आणि दुकानाचे पैसे एकत्र असण्याचे आहे. पोळ्याचा खर्च, शाळेची फी, पुतणीचे लग्न, हे सारे गल्ल्यातून जाते, आणि वर्षअखेर दुकान चालले की घर चालले याचा पत्ता लागत नाही. मालकाने स्वतःला दरमहा ठरावीक रक्कम पगारासारखी द्यावी आणि त्यापलीकडे उचललेला प्रत्येक रुपया रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, ‘घरखर्च’ म्हणून लिहावा, ही शिस्त जुनीच आहे. ‘क्यूआर कोड’ने मात्र ती अधिक निकडीची केली आहे, कारण पानठेल्यापासून कापड दुकानापर्यंत अनेकांचे यूपीआयचे पैसे मालकाच्या घरगुती बचत खात्यात पडतात. २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून लहान विक्रेत्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा गेल्या, तेव्हा उसनवारी, घरचे पैसे आणि खरी विक्री एकमेकांपासून वेगळी करून दाखवणे पुष्कळांना जड गेले. महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याला वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. पण खात्यावर दिसणारी रक्कम म्हणजे उलाढाल नव्हे, हे सिद्ध करण्याचा भार दुकानदारावरच येतो.

सीमेवरच्या गावाला येथे आणखी एक खाचखळगा आहे. सावनेरहून सौंसर आणि पांढुर्णा फार दूर नाहीत, दोन्हीकडे मराठी बोलणारे ग्राहक आहेत. पण राज्य मध्य प्रदेश आहे. तिकडचा ग्राहक सावनेरच्या दुकानातून माल हाती घेऊन गेला तर विक्री सर्वसाधारणपणे राज्यातलीच धरली जाते. दुकानदाराने गाडी भरून तो माल सौंसरला पोचवला, तर ती आंतरराज्य विक्री होते. तिला ४० लाखांची सूट लागू पडत नाही, पहिल्या खेपेपासून नोंदणी लागते आणि ‘कंपोझिशन’ योजनेत, म्हणजे उलाढालीवर एक टक्का भरून मोकळे होण्याच्या सवलतीत, असलेल्या व्यापाऱ्याला तशी विक्री करताच येत नाही.

उधारीची ही चर्चा दुकानदाराच्या बाजूची झाली. खाणींना व वीज केंद्राला लागणारे सुटे भाग, फॅब्रिकेशन किंवा दुरुस्तीची कामे करणाऱ्या लहान कारखानदाराची बाजू थोडी वेगळी आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम सांगतो. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही अशी थकलेली रक्कम ती प्रत्यक्ष फेडेपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येत नाही. व्यापाऱ्यांना मात्र उद्यम नोंदणी मिळते ती बँककर्जाच्या सोयीपुरती, हे संरक्षण त्यांना नाही. तरी कित्येक दुकानदार ते प्रमाणपत्र भिंतीवर लावून निर्धास्त असतात.

वसूल झालेला पैसा ठेवायचा कोठे, हा प्रश्न नागपूर जिल्ह्यात पुस्तकी नाही. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतील २००१-०२ च्या सरकारी रोखे खरेदीच्या प्रकरणात सुमारे दीडशे कोटी रुपये अडकले आणि त्याचा निकाल २२ डिसेंबर २०२३ रोजी लागला. बँकेतील ठेवीला, चालू खात्यासह, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा आहे. एकट्या मालकाच्या दुकानाचे खाते आणि त्याच मालकाचे घरगुती खाते एकाच बँकेत असेल, तर दोन्ही मिळून पाच लाखच धरले जातात. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नाही. रोज संध्याकाळी पिग्मीच्या एजंटाकडे शंभर-दोनशे रुपये देण्याची सवय चांगलीच; पण मृगाच्या मालासाठी साठवलेली सगळी रक्कम तेथेच असू नये.

राहता राहिला प्रश्न दुकान केव्हा बंद करावे हा, ज्यावर व्यवसायाची पुस्तके सहसा बोलत नाहीत. मालाची रक्कम भरण्यासाठी घरातले सोने गहाण पडू लागले आणि ते सलग दोन हंगाम सुटले नाही, तर पुढची उधारी वसुलीसाठी नव्हे, तोंड दाखवण्यासाठी दिली जात आहे असे समजावे. अशा वेळी वैशाखात, नवा माल उचलण्यापूर्वी थांबणारा दुकानदार जुन्या बाक्या सही-चिठ्ठ्यांच्या आधारे सावकाश वसूल करू शकतो आणि उरलेले सीलबंद बियाणे व औषधे, कंपनीच्या अटी परवानगी देत असतील तर, परत करू शकतो. भाद्रपदात थांबणाऱ्याचा सगळा माल तोवर लोकांच्या शेतात गेलेला असतो. करनोंदणी असेल तर ती रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे लागते आणि शिल्लक मालावर पूर्वी घेतलेली करवजावट परत करावी लागते. तेव्हा तेवढी रोकड बाजूला ठेवूनच शटर ओढावे.