द्राक्षांच्या मुलखांतील मधमाशा

युरोपांत इटलीच्या पूर्वेस स्लोव्हेनिया नांवाचा लहानसा देश आहे. त्याची निम्म्याहून अधिक भूमि अरण्यानें व्यापिलेली असून टेंकड्यांच्या उतरणीवर मद्याच्या द्राक्षांचे मळे आहेत. द्राक्षाचें फूल बहुधा आपल्याच परागानें फळतें. त्यास माशीची गरज नाहीं. मग अशा मुलखांत मधमाशीपालन इतकें कां रुजलें, हें आमच्या बागाईतदार वाचकांनीं पाहण्याजोगें आहे.

तेथील माशी मळ्यावर नव्हे, तर भोंवतालच्या रानावर जगते. मे महिन्यांत रॉबिनियाचा बहर, जूनमध्यें लिंडन व चेस्टनट, आणि पुढें स्प्रूस व फर या वृक्षांवरील वनमध. हा वनमध फुलांचा नव्हेच! आपल्या पिकांवरील माव्यासारखे कीटक झाडाचा रस शोषून जो गोड चिकटा टाकितात, तो माशा गोळा करितात. ज्या चिकट्यास आपण शिव्या देतों, त्याचा तेथें काळसर मध होऊन विकला जातो. बहर सरकेल तशा पेट्या रात्रीं तोंडें बंद करून हलवितात.

म्हणूनच जुनी पेटी ठेंगणी, लांबट व फळ्यांची असे. एकीवर एक रचितां येई. पुढील फळीवर चित्रें काढीत. ज्ञात असलेली सर्वांत जुनी फळी १७५८ सालची आहे. साधुसंतांच्या चित्रांशेजारीं जनावरें शिकाऱ्याची प्रेतयात्रा काढीत आहेत, असलीं विनोदी चित्रेंही आढळतात.

ब्रेझनित्सा गांवचा अंतोन यान्शा (१७३४–१७७३) चित्रकला शिकण्यास व्हिएन्नास गेला. परंतु महाराणी मारिया तेरेसा हिनें त्यास मधमाशीपालनाचा शिक्षक नेमिलें. नर माशा पाणी वाहतात, ही समजूत त्यानें खोडून काढिली. पुढें १७७५ मध्यें महाराणीनें या धंद्यास करमाफी दिली. आमचें आयुष्य सारावसुलींत गेलें, तरी ही सूट आम्हांस रास्त वाटते. १९१० च्या सुमारास अंतोन झ्निदर्शिच यानें मागून कपाटाप्रमाणें उघडणारी, सुट्या चौकटींची पेटी प्रचारांत आणिली. पिलांचीं पोळीं न तोडतां मध काढण्याची सोय झाली. आपल्याकडे आग्यामाशीच्या पोळ्यास अजून पलिते लावितात, त्याची येथें आठवण होते.

परंतु मळा व पेटी शेजारीं नांदावयाचीं तर विषाचा प्रश्न येतोच. स्लोव्हेनियाच्या ईशान्य भागांत २०११ च्या वसंतांत माशा मोठ्या संख्येनें मेल्या. औषध लाविलेल्या मक्याच्या बियाण्याशीं त्याचा संबंध जोडला गेला व सरकारनें तें बियाणें बंद केलें. आपल्या नाशिक जिल्ह्यांत द्राक्षबागेच्या बांधापलीकडे कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट असतो. द्राक्षास माशी नको असली तरी त्या गोंड्यांत दाणा भरण्यास ती हवीच. तेव्हां बागेंत फुलावर आलेलें तण आधीं कापावें, आणि सांजेस माशा परतल्यावर फवारावें. शेजाऱ्यानें पेट्या ठेविल्या असतील तर त्यास दोन दिवस आधीं सांगावें, म्हणजे तो त्या हलवूं शकेल. पेट्यांचीं तोंडें दिवसभर उन्हांत बंद ठेवूं नयेत. आंतल्या माशा गुदमरतात.