सामान हलवण्याआधी फाइल काढ

अगं, जायचं तर जा. त्याच्याबरोबर राहण्यावरून मी तुला अडवणार नाही, आणि आईचं मी बघून घेईन. पण सामान हलवण्याआधी कपाटातली ती घटस्फोटाची फाइल काढ आणि शेवटच्या हुकुमाची पानं सावकाश वाच. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, लिव्ह-इनमध्ये गेलीस की पोटगी बंद. तो म्हणतो, लग्न कुठे केलंय, मग कोण हात लावतंय? दोघांचंही निम्मंच बरोबर आहे.

आधी बघ, तुझी पोटगी कुठल्या कलमाखाली आहे. जुनं कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४, तिथे घटस्फोटित बाई दुसरं लग्न करेपर्यंत पोटगीला पात्र असते. एकत्र राहणं म्हणजे लग्न नव्हे, त्यामुळे नुसत्या तेवढ्याने हक्क जात नाही. पण व्यभिचारात राहणाऱ्या पत्नीला पोटगी नाही, हेही त्याच कलमात आहे. आता नवराच उरला नाही तर व्यभिचार कसला, असं आपले वकील म्हणतात, आणि मला ते पटतं. समोरचा वकील मात्र ते वाक्य वापरल्याशिवाय राहणार नाही, आणि सगळ्या कोर्टांचा सूर याबाबत एक नाही.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी मिळाली असेल तर जास्त जपून. पुन्हा लग्न केलं, किंवा बायकोचे दुसऱ्याशी संबंध आहेत असं सिद्ध झालं, तर समोरच्याच्या अर्जावर कोर्ट हुकूम बदलू शकतं. (पोटगी नवऱ्याला मिळत असली तर त्यालाही तशीच अट आहे, हे लोक विसरतात.) पूर्वी असं सिद्ध झालं की कोर्टाला हुकूम रद्दच करावा लागे. १९७६ च्या दुरुस्तीने ते न्यायाधीशांवर सोडलं. रद्द करतील, कमी करतील किंवा तसाच ठेवतील. शिवाय परिस्थिती बदलली, एवढ्या कारणावरही अर्ज करता येतो. म्हणजे तुझा खर्च दुसरा कोणी उचलत असेल तर तोही मुद्दा होतो.

माझ्या ओळखीतल्या एकीच्या माजी नवऱ्याने असाच अर्ज केला होता. पुरावा काय, तर भाडेकराराची झेरॉक्स, सोसायटीच्या गेटवरच्या वहीची पानं आणि गणपतीतला एक फोटो. हिच्या हातात आरतीचं ताट, शेजारी तो. न्यायाधीशबाई फोटोवर फार रेंगाळल्याच नाहीत. भाडं कोण भरतं, किराणा कोण आणतं, हिला पगार किती, एवढंच विचारत राहिल्या. शेवटी रक्कम कमी झाली, बंद नाही. तुझ्या बाबतीत तसंच होईल असं मी म्हणत नाही, पण प्रश्न कुठून येतात ते कळलं ना?

आणि उद्या तुझ्या माजी नवऱ्याने व्हॉट्सॲपवर ‘आता एक पैसा देणार नाही’ असं टाकलं तर घाबरू नकोस, उलट उत्तरही देऊ नकोस. कोर्टाचा हुकूम त्याला घरबसल्या थांबवता येत नाही, त्यासाठी कोर्टातच जावं लागतं. बँकेचं स्टेटमेंट काढून ठेव. कलम १२५ किंवा १४४ ची पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. ‘देईल पुढच्या महिन्यात’ म्हणत बसणाऱ्या बायका इथेच फसतात.

संमतीच्या घटस्फोटात एकरकमी घेतली असशील तर हा बराचसा घोळ तुला नाहीच. दरमहा ठरलं असेल तर समझोत्याच्या अटी शब्द न् शब्द वाच. पुनर्विवाहापर्यंत एवढंच आहे, की पुढे ‘अन्य पुरुषासोबत राहिल्यास’ असंही घुसडलंय? सही करताना आपण रडत असतो, वाचत नसतो. लेकीची पोटगी मात्र वेगळी. ती तिच्या हक्काची आहे, तू कोणाबरोबर राहतेस याचा तिच्याशी संबंध नाही.

लपवाछपवी नको. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता, खर्च यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. भाडं तो भरतो आणि तू ‘मी भरते’ असं लिहिलंस, तर पोटगी राहील बाजूला, खोट्या प्रतिज्ञापत्राचं झेंगट मागे लागेल.

आता त्याच्याबद्दल. रागावू नकोस, पण त्याचा घटस्फोट झाल्याचा हुकूम तू स्वतः पाहिलायस का? की ‘तारखा चालू आहेत’? घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा लग्नासारख्या नात्यालाही संरक्षण देतो, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्याच्या कसोट्या सांगितल्या: दोघंही लग्नाला मोकळे हवेत, बराच काळ एकत्र राहिलेले हवेत, आणि जगासमोर नवराबायकोसारखे वावरलेले हवेत. शनिवार-रविवार एकत्र काढणं त्यात बसत नाही, हेही तिथेच म्हटलंय. २०१३ च्या दुसऱ्या निकालात तर पुरुष विवाहित आहे हे माहीत असताना राहिलेल्या बाईला ते संरक्षण मिळालं नाही.

म्हणून भाडेकरार दोघांच्या नावावर कर. तू म्हणशील, ताई, हा तर माझ्या माजी नवऱ्याच्या हाती आयता पुरावा. आहेच. पण करारावर तुझं नाव नसेल, आणि उद्या भांडण झाल्यावर याने बॅग दाराबाहेर ठेवली, तर? माझं विचारशील तर पोटगी थोडी कमी झाली तरी चालेल, डोक्यावरच्या छपरावर नाव हवं. सही करण्याआधी मात्र वकीलबाईंना दोन्ही बाजू विचार. माझ्या एकटीच्या भरवशावर करू नकोस.