खोतान : वाळवंटातील धम्म आणि वाळवंटातील माणसे



घरात मुलांचा नकाशा असेल तर तो उघडा आणि लडाखच्या वर बोट ठेवा. काराकोरमच्या रांगा ओलांडून पलीकडे उतरले की तकलामकान नावाचे वाळवंट लागते. त्याचा विस्तार सुमारे ३,३०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सबंध महाराष्ट्राहून थोडा अधिक आहे. हा मुलूख आज चीनच्या शिनजियांग प्रदेशात मोडतो. तेथील दक्षिणेकडच्या गावांतून मुख्यतः उइघुर लोक राहतात. ते मुसलमान आहेत.

मग आपण त्यांच्याविषयी का वाचावे? कारण याच भूमीत सुमारे हजार वर्षे बुद्धाचा धम्म नांदत होता.

या वाळवंटात पाऊस जवळजवळ पडतच नाही. दक्षिणेच्या कुनलुन पर्वतावरील बर्फ वितळते, त्याच्या नद्या होतात आणि बहुतेक नद्या पुढे वाळूत जिरून जातात. पाणी जेथवर पोचते तेथवरच माणूस राहतो. युरुंगकाश आणि काराकाश या अशाच दोन नद्यांच्या पाण्यावर खोतान हे नगर वसले आहे. भारत, इराण आणि चीन यांच्यामधील व्यापारी तांडे येथे मुक्काम करीत. त्या तांड्यांबरोबर भिक्खू आले आणि धम्मही आला.

चिनी भिक्खू फाहियान इ.स. ४०१ च्या सुमारास खोतानला पोचला. वाळवंट ओलांडण्यास त्याला महिन्याहून अधिक काळ लागला. वाटेत वस्ती नव्हती. खोतानला त्याने पाहिले की प्रत्येक घराच्या दारासमोर एक लहान स्तूप आहे. गोमती नावाच्या विहारात तीन हजार भिक्खू होते. घंटा झाली की ते शिस्तीने भोजनास बसत आणि कोणी शब्द बोलत नसे. बुद्धमूर्तीची मिरवणूक निघाली तेव्हा राजाने मुकुट उतरविला आणि तो अनवाणी चालत मूर्तीस सामोरा गेला. पुढे इ.स. ६४४ मध्ये ह्युएन त्संगही खोतानला आला. त्याच्या काही वर्षे आधी त्याने आपला महाराष्ट्र पाहिला होता.

तेथील लोकांनी धम्म परक्या भाषेत कोंडून ठेवला नाही. सुत्ते त्यांनी आपल्या खोतानी भाषेत आणली व ती ब्राह्मी लिपीत लिहिली. वाळवंटाच्या उत्तरेस तुर्फान येथे स्थायिक झालेल्या उइघुरांनीही बौद्ध ग्रंथ आपल्या भाषेत उतरविले. धम्म ज्याने त्याने आपल्या भाषेत शिकावा, असेच तथागतांचे सांगणे होते.

परंतु चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. खोतानच्या पूर्वेस निया नावाचे गाव वाळूखाली गाडले गेले होते. इ.स. १९०१ मध्ये ऑरेल स्टाईन या संशोधकाने ते उकरले. तेव्हा खरोष्टी लिपीत लिहिलेल्या लाकडी पाट्या निघाल्या. भाषा भारतातील प्राकृत, काळ तिसऱ्या-चौथ्या शतकाचा. त्यांत जमिनीचे, उंटांचे, करांचे व्यवहार आहेत, आणि माणसांच्या खरेदी-विक्रीचेही आहेत. काही भिक्खूंच्या पदरीसुद्धा गुलाम होते, असे या पाट्या सांगतात. म्हणजे बुद्धाचे नाव तोंडी होते, आणि त्याच गावात माणूस विकला जात होता. ज्या समाजाला शतकानुशतके माणूसपण नाकारले गेले, त्या समाजातून आलेल्या आपण ही गोष्ट विसरता कामा नये. दारात स्तूप आहे एवढ्याने घर धम्माचे होत नाही. त्या घरात दुबळ्याला कसे वागवतात, यावर ते ठरते.

इ.स. १००६ च्या सुमारास काराखानी सुलतानांनी खोतान जिंकले व तेथे इस्लाम आला. तुर्फानकडे बौद्ध धम्म पंधराव्या शतकापर्यंत टिकला. आजचे उइघुर हे या सर्व जुन्या लोकांचे वारस आहेत.

त्यांचे जीवन कष्टाचे आहे. केरिया नदी वाळूत जिरते तेथे दर्याबोयी, म्हणजे नदीकाठ, नावाचे गाव आहे. पॉप्लरचे खांब आणि झाऊच्या फांद्यांच्या भिंती अशी तेथील घरे. शेळ्यामेंढ्या हेच धन. निखारे व तापलेल्या वाळूत पुरून भाजलेली जाड भाकरी हे अन्न. २०१९ मध्ये सरकारने येथील कुटुंबांना दूरच्या नव्या वसाहतीत हलविले. वाळवंट आता पूर्वीसारखे अगम्य राहिलेले नाही. १९९५ मध्ये त्यातून आरपार सडक झाली आणि २०२२ मध्ये त्याच्या भोवतालचे रेल्वेचे कडे पूर्ण झाले.

रस्ते झाले, पण माणूस मोकळा झाला का? २०१७ पासून उइघुरांना मोठ्या संख्येने छावण्यांत डांबण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात म्हटले की हे प्रकार मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात. चीनचे सरकार हे आरोप नाकारते.

काही जण म्हणतील, ते आता बौद्ध नाहीत, आपल्याला काय त्यांचे? हा विचार धम्माचा नव्हे. मेत्ता करताना आपण 'सर्व प्राणी' म्हणतो, 'सर्व बौद्ध' म्हणत नाही. आपण स्वतःच्या इच्छेने धम्म स्वीकारला. मग दुसऱ्याच्या श्रद्धेवर झालेली सक्ती आपल्याला कशी मानवेल?

या पंधरवड्यात घरातील मंडळींनी एकत्र बसून पुढील प्रश्नांवर बोलावे :

१. खोतानच्या लोकांनी धम्म स्वतःच्या भाषेत का आणला असेल? आपल्या घरी वंदनेचा अर्थ सर्वांना समजतो काय?

२. नियात विहार असूनही गुलामगिरी का राहिली?

३. आपल्या गावात, आपल्या घरात, आज कोणाला कमी लेखले जाते?